पुढच्या हंगामात प्लेऑफ कोण हुकवणार, याचा अंदाज कसा बांधायचा

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, २०२४ च्या हंगामात चार संघांनी १४ किंवा त्याहून अधिक सामने जिंकले. कॅन्सस सिटी चीफ्स आणि डेट्रॉइट लायन्स यांच्या नावावर १५ विजय आणि २ पराभव होते, तर मिनेसोटा व्हायकिंग्ज आणि फिलाडेल्फिया ईगल्स यांच्या नावावर १४ विजय आणि ३ पराभव होते. पुढच्याच हंगामात या चारपैकी तीन संघ प्लेऑफच्या बाहेर राहिले आणि केवळ ईगल्सना आपली जागा राखता आली. चीफ्स तर २०१५ पासून सलग दहा हंगाम प्लेऑफमध्ये पोहोचत होते. २०२५ मध्ये ते ६ विजय आणि ११ पराभवांवर थांबले. पुढच्या हंगामात कोण बाहेर राहील असा प्रश्न आला की बहुतेक जण मागच्या वर्षीचा गुणतक्ता उघडतात आणि तळाच्या संघांची नावे घेतात. या लीगमध्ये ती पद्धत फारशी चालत नाही. मागच्या वर्षी किती सामने जिंकले यापेक्षा ते कसे जिंकले, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

प्रथम रचना समजून घेऊ. लीगमध्ये ३२ संघ आहेत. ते १६-१६ च्या दोन कॉन्फरन्समध्ये आणि प्रत्येक कॉन्फरन्स चार-चार संघांच्या चार डिव्हिजनमध्ये विभागलेली आहे. २०२१ पासून प्रत्येक संघ १७ साखळी सामने खेळतो, आणि २०२० पासून प्रत्येक कॉन्फरन्समधून सात, म्हणजे एकूण १४ संघ प्लेऑफमध्ये जातात. या सातपैकी चार जागा डिव्हिजन जिंकणाऱ्यांच्या असतात आणि उरलेल्या तीन जागा बाकीच्यांतील सर्वोत्तम संघांना मिळतात. याचा अर्थ दरवर्षी १८ संघ बाहेर राहतात, आणि कोणत्याही संघाविषयी काहीही ठाऊक नसताना त्याची प्लेऑफ हुकण्याची शक्यता ५६ टक्के असते. अंदाजाची सुरुवात या आकड्यापासून व्हायला हवी. मग संघाविषयी जे खात्रीने ठाऊक आहे त्याच्या आधारे तो आकडा वर किंवा खाली सरकवायचा.

या लीगमध्ये उलथापालथ अपघाताने होत नाही, नियमच तसे केलेले आहेत. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर सारखीच कमाल मर्यादा आहे, त्यामुळे श्रीमंत मालकाला हवे तेवढे खेळाडू विकत घेता येत नाहीत. महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला पहिली संधी मिळते. परिणाम असा, की १९९० पासून प्रत्येक हंगामात आदल्या वर्षी प्लेऑफमध्ये नसलेले किमान चार संघ आत आले आहेत. अलीकडचे पाहायचे तर २०२३ मध्ये सहा संघ बदलले, २०२४ मध्ये चार आणि २०२५ मध्ये पुन्हा सहा. म्हणून आदल्या वर्षीच्या १४ नावांपैकी चार ते सहा खोडायची तयारी ठेवूनच यादी करायला बसावे.

आता चीफ्सच्या २०२४ च्या हंगामाकडे जरा जवळून पाहू, कारण पुढच्या वर्षीच्या धोक्याची खूण त्यात स्पष्ट होती. पहिल्याच सामन्यात बाल्टिमोर रेव्हन्सच्या आयझाया लाइकलीने अखेरच्या क्षणी गोलक्षेत्रात चेंडू झेलला, पण त्याच्या बुटाचे टोक सीमारेषेवर पडले होते; टचडाउन, म्हणजे चेंडू गोलक्षेत्रात नेल्याबद्दल मिळणारे सहा गुण, रद्द झाला आणि चीफ्स २७-२० असे जिंकले. नोव्हेंबरमध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजना विजयासाठी शेवटच्या क्षणी ३५ यार्डांवरून गोलखांबांमधून तीन गुणांची किक मारायची होती. एवढ्या अंतरावरच्या किक व्यावसायिक खेळाडू सहसा चुकत नाहीत, पण लिओ शेनालने ती हाताने अडवली आणि १६-१४ असा निकाल लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस लास व्हेगास रेडर्स विजयी किकच्या टप्प्यात आले असताना चेंडू मागे देताना गोंधळ झाला, चीफ्सने तो पकडला आणि १९-१७ असा सामना जिंकला.

त्या हंगामात आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने निकाल लागलेले चीफ्सचे ११ साखळी सामने झाले आणि ते सर्व त्यांनी जिंकले. आठ गुणांचा निकष यासाठी, की टचडाउन आणि त्यानंतरचे दोन जादा गुण मिळून एका चढाईत जास्तीत जास्त आठच गुण मिळतात. म्हणजे अशा सामन्यात पिछाडीवरचा संघ एका चढाईत बरोबरी साधू शकत होता. काठावरचे सामने जिंकण्यात कौशल्याचा वाटा असतोच. उत्तम क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेला आणि चेंडू फेकणारा खेळाडू, आणि शांत डोक्याचा प्रशिक्षक यांचा फायदा नक्कीच होतो. पण तो ११ पैकी ११ जिंकण्याइतका कोणालाही कायम होत नाही. बुटाचे टोक दरवर्षी रेषेवर पडत नाही.

हा दैवाचा भाग किती, हे मोजण्याचा एक सोपा मार्ग आहे. आयपीएलचा गुणतक्ता वाचणाऱ्यांना नेट रनरेटची सवय असते. दोन संघांचे विजय सारखे असले तरी कोणाचे विजय भरभक्कम होते, हे त्यावरून कळते. फुटबॉलमध्ये तेच काम केलेल्या आणि दिलेल्या गुणांतला फरक करतो. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी त्यांच्या खेळासाठी जे सूत्र मांडले, त्याचाच एक अवतार फुटबॉलसाठी वापरतात: संघाने केलेल्या गुणांचा २.३७ वा घात काढायचा, दिलेल्या गुणांचाही तसाच काढायचा, पहिल्या संख्येला दोन्हींच्या बेरजेने भागायचे आणि उत्तराला सामन्यांच्या संख्येने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे तेवढ्या गुणांवर सामान्यतः किती विजय अपेक्षित होते, त्याचा अंदाज.

चीफ्सने २०२४ मध्ये ३८५ गुण केले आणि ३२६ दिले. सूत्रानुसार अपेक्षित विजय साधारण १० येतात. प्रत्यक्षात १५ झाले. येथे एक न्याय्य आक्षेप आहे: शेवटच्या सामन्यात त्यांनी मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली आणि तो सामना ३८-० असा गमावला, म्हणून गुणफरक उगाच खालावला. तो सामना वगळून गणित केले, तरी १६ सामन्यांत पावणेअकराच्या आसपासच विजय येतात. म्हणजे चार-सव्वाचार विजय गुणांच्या हिशेबात बसत नाहीत. पुढच्या हंगामात चीफ्स ईगल्सकडून २०-१७, जॅक्सनव्हिल जॅग्वार्सकडून ३१-२८, ब्रॉन्कोजकडून २२-१९ आणि डॅलस काउबॉइजकडून ३१-२८ असे हरले. चारही पराभव तीन गुणांचे होते. क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सच्या गुडघ्याला दुखापत झाल्यामुळे त्यांचा हंगाम बुडाला, असे म्हटले जाते, पण ती दुखापत चौदाव्या सामन्यातली आहे आणि त्याआधीच संघाचे ६ विजय आणि ७ पराभव झाले होते.

हे उदाहरण अपवादात्मक नाही. व्हायकिंग्जने २०२२ मध्ये १३ सामने जिंकले, तेव्हा त्यांनी ४२४ गुण केले होते आणि ४२७ दिले होते. एकूण गुणफरक उणे असताना १३ विजय मिळवणारा तो लीगच्या इतिहासातला पहिला संघ. काठावरचे त्यांचेही ११ सामने होते आणि ११ विजय होते. सूत्राच्या हिशेबाने मात्र साडेआठच्याही आतच विजय येत होते. २०२३ च्या हंगामाचे पहिले तीन सामने ते हरले, तिन्ही एका चढाईच्या फरकाने, आणि अखेर ७ विजय आणि १० पराभवांवर थांबले. त्यांचा क्वार्टरबॅक कर्क कझिन्स आठव्या सामन्यात जायबंदी झाला हेही खरे, पण तोपर्यंत संघ चार-चारच्या बरोबरीवरच होता.

गुणफरकाच्या जोडीला टर्नओव्हर पाहावेत. प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू मध्येच झेलणे किंवा त्याच्या हातून सुटलेला चेंडू पकडणे याला टर्नओव्हर मिळवणे म्हणतात. चेंडू सुटायला लावणे हे बचावाचे कौशल्य आहे, पण सुटलेला लांबट चेंडू कोणत्या दिशेने उसळेल आणि कोणाच्या अंगाखाली सापडेल, यावर कोणाचाच ताबा नसतो. म्हणून टर्नओव्हरच्या जोरावर वर आलेला संघ पुढच्या वर्षी घसरण्याची शक्यता असते. शिकागो बेअर्सनी २०१८ मध्ये ३६ वेळा चेंडू हिसकावला आणि १२ सामने जिंकले. २०१९ मध्ये बचावफळीत बहुतांश तेच खेळाडू असताना ही संख्या १९ वर आली आणि संघ ८ विजयांवर अडकून प्लेऑफला मुकला.

मात्र सगळे उत्तर गुणफरकात असते, असे मानणेही चूक ठरेल. लायन्सचे उदाहरण याच कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०२४ मध्ये त्यांचा गुणफरक तब्बल २२२ होता आणि सूत्रानुसारही १३ विजय येत होते, म्हणजे तो संघ खरोखरच बलाढ्य होता. पण हंगाम संपल्यावर त्यांचे दोन्ही समन्वयक, आक्रमणाची आखणी करणारे बेन जॉन्सन आणि बचावाची आखणी करणारे एरॉन ग्लेन, अन्य संघांचे मुख्य प्रशिक्षक म्हणून निघून गेले. जॉन्सन तर त्याच डिव्हिजनमधल्या बेअर्सकडे गेले. जूनमध्ये आक्रमक फळीच्या मध्यभागी खेळणारा फ्रँक रॅगनाऊ निवृत्त झाला. त्याचे काम प्रेक्षकांना फारसे दिसत नसले, तरी प्रत्येक डावाची सुरुवात त्याच्याच हातून होत असे. पुढच्या हंगामाच्या मध्यावर मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांना आक्रमणाचे डाव ठरवण्याचे काम नव्या समन्वयकाकडून स्वतःकडे घ्यावे लागले. संघ ९ विजय आणि ८ पराभवांवर राहिला आणि डिव्हिजन जॉन्सन यांच्या बेअर्सनी जिंकली.

व्हायकिंग्जची गोष्ट याहून सरळ आहे. २०२४ मध्ये ज्याने १४ विजय मिळवून दिले, तो क्वार्टरबॅक सॅम डार्नॉल्ड त्यांनी सिॲटल सीहॉक्सकडे जाऊ दिला आणि आदले संपूर्ण वर्ष दुखापतीमुळे मैदानाबाहेर असलेल्या जे. जे. मॅकार्थीवर भिस्त ठेवली. त्यांचेही ९ विजय आणि ८ पराभव झाले; डार्नॉल्डने मात्र फेब्रुवारी २०२६ मध्ये सिॲटलला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. एनएफएलमधल्या कोणत्याही संघाचा अंदाज बांधताना एकच प्रश्न विचारायची मुभा असेल, तर तो क्वार्टरबॅकविषयी विचारावा: कोण खेळणार, वय काय आणि मागची दुखापत कोणती.

वेळापत्रकाविषयी मात्र गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. डिव्हिजन जिंकणाऱ्या संघाला पुढच्या वर्षी अवघड वेळापत्रक मिळते, हे खरे आहे, पण किती अवघड ते मोजून पाहावे. १७ पैकी सहा सामने स्वतःच्या डिव्हिजनमधल्या संघांशी असतात आणि आठ सामने आळीपाळीने ठरलेल्या अन्य दोन डिव्हिजनशी असतात. त्यामुळे एका डिव्हिजनमधल्या चारही संघांचे हे चौदा सामने जवळजवळ सारखेच असतात. आदल्या वर्षीच्या क्रमांकावर केवळ उरलेले तीन सामने ठरतात. तीन सामन्यांत थोडा कठीण प्रतिस्पर्धी आला, तर अपेक्षित विजयांत फार तर अर्ध्या-पाऊण विजयाचा फरक पडेल, असे माझे मत आहे. कोणत्या दोन डिव्हिजनशी गाठ पडते, याचा परिणाम त्याहून मोठा असतो, आणि तो चारही संघांना सारखाच भोगावा लागतो.

अर्धा विजयही कधी कधी निर्णायक ठरतो, हे मान्य करायला हवे. २०२५ मध्ये ग्रीन बे पॅकर्स ९ विजय, ७ पराभव आणि डॅलसशी ४०-४० अशा बरोबरीत सुटलेला एक सामना यांच्या बळावर आत गेले. लायन्स आणि व्हायकिंग्ज ९ विजयांसह बाहेर राहिले. त्याच वर्षी कॅरोलायना पँथर्स ८ विजय आणि ९ पराभव असूनही डिव्हिजन जिंकून आत गेले. तेथे कॅरोलायना, टँपा बे आणि अटलांटा या तिघांचे विजय सारखे झाले होते. टँपा बे बुकेनिअर्सनी शेवटच्या आठवड्यात शनिवारी पँथर्सना हरवले, पण रविवारी अटलांटा फाल्कन्स जिंकले, त्यामुळे तिघांची बरोबरी झाली आणि आपसांतल्या सामन्यांच्या हिशेबात पँथर्स वरचढ ठरले. टँपाचे भवितव्य त्यांनी न खेळलेल्या सामन्यावर ठरले. याहून टोकाचे उदाहरण २००८ चे आहे: न्यू इंग्लंड पेट्रियट्स ११ विजय मिळवूनही बाहेर राहिले आणि सॅन डिएगो चार्जर्स ८ विजयांवर आत गेले, कारण चार्जर्सची डिव्हिजन कमकुवत होती. म्हणून केवळ संघाचा दर्जा पाहून भागत नाही, शेजारी कोण आहेत हेही पाहावे लागते.

आता १७ सामन्यांच्या मर्यादेकडे येऊ. समजा, एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता खरोखर ५५ टक्के आहे. त्याचे सरासरी विजय नऊच्या थोडे वर येतील, पण केवळ योगायोगाने ते चारपैकी तीन वेळा ७ ते ११ च्या दरम्यान कोठेही पडतील आणि एकदा त्याही बाहेर जातील. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६५ टक्के असलेला, म्हणजे निःसंशय चांगला संघसुद्धा साधारण दहा हंगामांत एकदा ८ किंवा त्याहून कमी विजयांवर थांबतो. संघ तोच, प्रशिक्षक तेच, दुखापत एकही नाही, तरीही असे होते. १६२ सामन्यांच्या बेसबॉल हंगामात असा योगायोग बराचसा विरून जातो. १७ सामन्यांत त्याला विरायला पुरेसा वावच मिळत नाही.

यासाठी गंभीरपणे अंदाज बांधणारे लोक ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असे न लिहिता प्रत्येक संघासमोर टक्केवारी लिहितात. ती काढण्यासाठी प्रत्येक संघाची ताकद आकड्यात मांडतात, प्रत्येक सामन्याची शक्यता ठरवतात आणि संगणकावर संपूर्ण हंगाम हजारो वेळा खेळवून संघ किती वेळा बाहेर राहतो, ते मोजतात. संगणक नसला तरी एक नियम पाळता येतो: ३२ संघांच्या बाहेर राहण्याच्या शक्यतांची बेरीज बरोबर १८ आली पाहिजे. आपल्या आवडत्या संघाचा धोका कमी करायचा असेल, तर तेवढाच धोका दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर चढवावा लागतो. अनेक याद्या याच ठिकाणी ढासळतात, कारण वीस संघांविषयी एकाच वेळी आशावादी राहणे मनाला सोपे असले, तरी जागा १४ च आहेत.

या दृष्टीने २०२६ च्या हंगामाकडे पाहिले, तर आदल्या वर्षीच्या १४ संघांपैकी मला सर्वांत जास्त धोका पँथर्सना वाटतो. ज्या संघाचे जिंकल्यापेक्षा हरलेले सामने अधिक आहेत, जो दिलेल्यापेक्षा कमी गुण करून आत आला आणि ज्याला शेजाऱ्यांच्या दुबळेपणाचा आधार मिळाला, त्याची बाहेर राहण्याची शक्यता मी ६५ टक्के धरतो. पिट्सबर्ग स्टीलर्सनाही मी तेवढेच धरतो: शेवटच्या रात्री रेव्हन्सच्या खेळाडूची किक उजवीकडे गेली म्हणून ते आत आले, आणि नंतर त्यांचे दीर्घकाळचे प्रशिक्षक माइक टॉमलिन यांनी पद सोडले. बेअर्सविषयी मी अधिक सावध आहे. प्रशिक्षक उत्तम आहेत आणि क्वार्टरबॅक तरुण आहे, पण २०२५ मध्ये सर्वाधिक टर्नओव्हर त्यांनीच मिळवले आणि अनेक सामने त्यांनी अखेरच्या काही मिनिटांत फिरवले. २० डिसेंबरला पॅकर्सविरुद्ध त्यांनी ऑनसाइड किकवरचा, म्हणजे चेंडू पुन्हा आपल्यालाच मिळावा म्हणून मुद्दाम जवळच मारलेल्या किकवरचा, चेंडू मिळवला, अखेरच्या क्षणांत बरोबरी साधली आणि जादा वेळेत २२-१६ असा विजय खेचून आणला. ऑनसाइड किकचा डाव आजकाल क्वचितच यशस्वी होतो. २०१८ नंतर याच संघाचे काय झाले, हे डोळ्यांसमोर ठेवून मी त्यांना ५० टक्के देतो.

या आकड्यांचा हिशेब हंगामानंतर चोख करता येतो. हवामानाच्या अंदाजांसाठी ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडलेली पद्धत येथेही लागू पडते: सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यांतल्या फरकाचा वर्ग करायचा आणि सर्व संघांची सरासरी काढायची. पँथर्सना ६५ टक्के दिले आणि ते बाहेर राहिले, तर फरक ०.३५ आणि त्याचा वर्ग ०.१२, ते आत गेले, तर फरक ०.६५ आणि वर्ग ०.४२. आकडा जितका लहान, तितका अंदाज चांगला. जो प्रत्येक संघापुढे डोळे मिटून ५६ टक्के लिहील, त्याची सरासरी ०.२४६ येते. म्हणून ३२ संघांची संपूर्ण यादी सप्टेंबरच्या पहिल्या सामन्याआधी, दुखापतींच्या ताज्या बातम्या पाहून, लिहून ठेवावी आणि जानेवारी २०२७ मध्ये साखळी सामने संपले की ती ०.२४६ च्या खाली उतरते का, ते तपासावे.